चाक हाती आलं

हार्डवेअरच्या दुकानात ‘चार इंची ग्राइंडिंगचं चाक द्या’ म्हटलं की दुकानदार मागच्या फळीवरून एक काळपट, मध्ये दबलेली चकती काढतो आणि काउंटरवर टाकतो. कारागीर तिला ‘डीसी व्हील’ म्हणतात. ही टाकायची वस्तू नव्हे, पण ते पुढे येईलच. आधी तिच्यावर चिकटवलेला गोल कागद वाचू. १०० × ६ × १६, म्हणजे व्यास, जाडी आणि भोक, मिलिमीटरमध्ये. खाली ‘ए २४ आर बीएफ’. मग एक लाल पट्टा, त्याच्याजवळ ८० मीटर प्रतिसेकंद, आणि मिनिटाला जास्तीत जास्त फेरे सुमारे १५,३००. मधल्या पत्र्याच्या कडीवर एक महिना आणि एक साल.

दुकानात रोज अशी ढीगभर चाकं खपतात. कागद वाचणारा मात्र विरळा. वाचला, तर त्यातलं प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या घराण्यातून आलेलं दिसतं, आणि काही अक्षरं माणसं मेल्यावर आलेली आहेत.

‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. जमिनीत सापडतं तेव्हा आपण त्याला कुरुंद म्हणतो. तेच पारदर्शक आणि रंगीत निघालं तर माणिक किंवा नीलम, मळकट निघालं तर घासायची भुकटी. निसर्गात कठीणपणात हिऱ्याखालोखाल याचाच नंबर. ग्रीसच्या नाक्सोस बेटावर ते लोहखनिजात मिसळून काळ्या एमरीच्या रूपात मिळतं, आणि प्राचीन काळापासून तिथून ते जहाजांनी बाहेर जात असे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी संगमरवराच्या चैनीवर चरफडतो, तेव्हा त्याची एक तक्रार अशी आहे की दगड कापायच्या वाळूसाठी लोक इथिओपियापर्यंत, इतकंच काय भारतापर्यंत जाऊ लागले. १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत चार्ल्स ग्रेव्हिल यांनी आशियातल्या, मुख्यतः भारतातल्या कुरुंदावर निबंध सादर केला. तिथल्या विद्वानांना हा नवा पदार्थ वाटला.

इथल्या शिकलगारांना तो आज्यापणज्यापासून ठाऊक होता. तलवारी, कट्यारी, सुऱ्या यांना धार आणि झिलई देणं हा त्यांचा धंदा. त्यासाठी लागणारं चाक ते घरीच करत. कुरुंद कुटायचा, चाळून बारीक आणि जाड वेगळा करायचा. लाख वितळवायची, तिच्यात ही भुकटी मुरवायची आणि गोळा गरम असतानाच थापून त्याची चकती करायची. मध्ये लाकडी आस. आसाला चामड्याचा पट्टा गुंडाळायचा, पट्ट्याची दोन टोकं जोडीदाराच्या हातात. तो आळीपाळीने ओढणार, चाक एकदा पुढे फिरणार, एकदा मागे. शिकलगार समोर उकिडवा बसून पातं धरणार. खंबायतच्या अकीक कारागिरांकडेही लाख-कुरुंदाची ही जोडी होतीच. तिथे मणी आणि अंगठीचे खडे घासले जात.

युरोपात काय होतं? वालुकाश्माच्या खाणीतून आख्खं चाक कापून काढायचं आणि फिरवायचं. नवव्या शतकातल्या उट्रेख्ट साल्टर या हस्तलिखितात हाताच्या दांड्याने फिरवायच्या अशा दगडाचं चित्र आहे, त्यावर एक जण तलवार परजतोय. ते चाक दगडाचं, निसर्गाने जसं घडवलं तसं. त्यात एखादी भेग लपलेली असली तर ती चाक फुटेपर्यंत कळायची नाही. लाखेचं चाक माणसाने बांधलेलं: कण वेगळा, त्याला धरून ठेवणारा बंध वेगळा. कण किती जाड आणि बंध किती घट्ट, हे दोन्ही कारागिराच्या हातात. आजच्या चाकावरचे ‘२४’ आणि ‘आर’ हेच सांगतात. एका इंचात चोवीस जाळ्या असलेल्या चाळणीतून गेलेला कण, आणि त्याला बऱ्यापैकी घट्ट धरणारा बंध. ए ते झेड या मापात ए सर्वांत सैल, झेड सर्वांत घट्ट.

घट्ट बंध म्हणजे चांगलं चाक, असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. बोथट झालेला कण वेळेवर गळून पडला पाहिजे, तरच त्याच्या खालचा धारदार कण वर येतो. चाक झिजतं तेव्हाच ते काम करतं. न झिजणारं चाक फक्त घासतं, तापतं आणि लोखंड निळं पाडतं. ‘फार टिकतं हे चाक’ असं कौतुक ऐकलं की मला म्हणूनच थोडी शंका येते.

आता कोणी यावरून ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणू लागेल, तर तसं नाही. लाख साठ-सत्तर अंशांनाच मऊ पडते. पट्टा ओढून फिरणाऱ्या चाकाला ती पुरली. त्याच चाकाला इंजिन जोडलं असतं तर ते पात्यावर चिकटून बसलं असतं.

इंजिन आणि पाणचक्की जोडली गेली ती इंग्लंडात, शेफील्डला. एकोणिसाव्या शतकात काटे, सुऱ्या, वस्तरे, कात्र्या तिथे घासल्या जात. कामगार मोठ्या वालुकाश्माच्या चाकासमोर लाकडी घोडीवर मांड ठोकून बसे, पुढे वाकून दोन्ही हातांनी पातं दाबे. चाक फुटलं तर तुकडे छताला जात किंवा माणसाला लागत. पण चाक फुटून मेले त्यांच्यापेक्षा धुळीने मेले ते कितीतरी जास्त. सुऱ्या ओल्या चाकावर घासत, काटे कोरड्या. वालुकाश्म म्हणजे सिलिका. कोरडं घासलं की तिची भुकटी थेट छातीत. शेफील्डचे डॉक्टर आर्नोल्ड नाइट यांच्या आधारे फ्रीडरिख एंगेल्सने १८४५ मध्ये लिहून ठेवलंय की कोरडं घासणारे जेमतेम पस्तिशी गाठत, ओलं घासणारे पंचेचाळीस. छातीच्या या आजाराला तिथे ग्राइंडरांचा दमा असंच नाव होतं.

त्यावर उपाय सुचला नव्हता असं नाही. १८२० च्या दशकात जे. एच. अब्राहम नावाच्या गृहस्थाने लोहचुंबकाचं साधन केलं: तोंडाजवळ आणि चाकाजवळ चुंबक, म्हणजे लोखंडाचा कीस नाकात जाणार नाही. सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला पदक दिलं. कामगारांनी ते वापरलं नाही. एक कारण साधं: चुंबक लोखंड ओढतं, वाळू ओढत नाही, आणि मारणारी वाळूच होती. दुसरं कारण त्या काळच्या लेखकांनीच नोंदवलंय. माणसं लवकर मरतात म्हणून या धंद्यात मजुरी बरी मिळते. मरण कमी झालं तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी पडेल, असं कामगार बोलून दाखवत. ‘कामगारांना स्वतःची काळजी नाही’ असं आजचे मालकही सहज म्हणून जातात. शेफील्डच्या कामगारांना काळजी होती, फक्त ती त्यांनी मजुरीच्या बाजूने केली.

बंधाचा प्रश्न अमेरिकेत सुटला, तोही एका कुंभारखान्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे फ्रँक नॉर्टनचा मातीची भांडी करायचा कारखाना होता. १८७३ मध्ये तिथल्या स्वेन पुल्सन या कामगाराने एमरी आणि चिकणमाती एकत्र कालवून भट्टीत भाजली. बियरच्या पैजेवर त्याने हे केलं अशी गोष्ट सांगतात. निघालं ते भांड्यासारखं भाजलेलं, एकजीव चाक. १८८५ मध्ये त्यातून नॉर्टन एमरी व्हील कंपनी उभी राहिली. कारखान्यांतल्या पेडेस्टल ग्राइंडरवर आजही बहुतेक असंच भाजलेलं चाक असतं. जुने फिटर ते बसवण्याआधी टकटक करून कान देतात. खणखणीत वाजलं तर सलग, बद्द वाजलं तर तडा. हातातल्या ग्राइंडरच्या चकतीवर ही युक्ती चालत नाही. ती टकटक केली तर बद्दच वाजते, कारण तिचा बंध वेगळा आहे.

कण बदलला तो विजेने. एडिसनकडे काम केलेल्या एडवर्ड ॲचिसनने १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला इथे माती आणि कोक लोखंडी भांड्यात घालून विजेच्या भट्टीत तापवले. त्याला हवे होते हिरे. मिळाले चमकदार, काळपट-निळे स्फटिक: सिलिकॉन कार्बाइड. त्याने ते आधी रत्नांचे पैलू पाडणाऱ्यांना कॅरटच्या भावाने विकले, मग नायगाऱ्याची वीज स्वस्त झाल्यावर १८९५ मध्ये कारखानाच धबधब्याजवळ नेला. आज दगड आणि बिडाच्या चाकांवर ‘सी’ लिहिलेलं असतं ते याचं. १८९७ मध्ये चार्ल्स जेकब्जने विजेच्याच भट्टीत बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंद केला. आपल्या चकतीवरचा ‘ए’ तो हा. नाक्सोसच्या बोटी आणि आपल्याकडचे कुरुंदाचे दगड यानंतर बाजारातून मागे पडत गेले. शेफील्डमध्ये वालुकाश्माची चाकं जाऊन ही चाकं आली तशी चाकाची धूळ कमी जीवघेणी झाली, कारण तिच्यात मोकळी सिलिका नव्हती.

‘बी’ची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते. लिओ बेकलंड हा बेल्जियममधून अमेरिकेत गेलेला रसायनतज्ज्ञ लाखेला पर्याय शोधत होता. विजेच्या सामानाला लाख हवी होती, ती प्रामुख्याने भारतातून येई, आणि भाव चढे होते. १९०७ मध्ये त्याला हाती लागलं ते बेकलाइट: फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचं राळेसारखं द्रव्य, जे एकदा तापून घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. ‘बी’ म्हणजे हाच बेकलाइट-बंध. शिकलगाराच्या चाकात लाख जिथे होती तिथेच, लाखेला पर्याय म्हणून जन्मलेलं हे द्रव्य येऊन बसलं. लाखही वंशावळीतून गेलेली नाही. चाकांच्या अधिकृत खुणांमध्ये ‘ई’ म्हणजे लाखेचा बंध. फार नाजूक झिलईच्या कामाला अशी चाकं परदेशात अजून करतात.

‘एफ’ म्हणजे आतली काचतंतूंची जाळी. चकती तुटली की कडेला हे पांढरे धागे बाहेर डोकावतात. हाताच्या ग्राइंडरला खरा जन्म दिला तो या जाळीने. भाजलेल्या मातीचं चाक हातात धरून वेडंवाकडं लावलं तर बशीसारखं फुटेल. राळ थोडी लवचीक, जाळी तिला धरून ठेवणारी. म्हणूनच एक मिलिमीटर जाडीचं कटिंग व्हील सेकंदाला ऐंशी मीटरने फिरूनही एकसंध राहतं. ऐंशी मीटर म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. लाल पट्टा म्हणजे एवढा वेग. निळा पन्नासचा, पिवळा त्रेसष्टचा, हिरवा शंभरचा.

आता दुसरं घराणं, कागदाचं. ते सुतारांचं आणि रंगाऱ्यांचं. तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा, वाळू, बिया डिंकाने चर्मपत्रावर चिकटवत. शार्कची खरखरीत कातडीही लाकूड घासायला बऱ्याच ठिकाणी चाले. १८३३ मध्ये लंडनच्या जॉन ओकीने काचेची भुकटी कागदावर चिकटवून ती विकायला काढली. आपल्याकडे जुन्या सुतारांच्या तोंडी असलेला काचकागद तो हाच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत व्हर्मांटच्या आयझॅक फिशरला अशा कागदाची पेटंटं मिळाली. मिनेसोटात १९०२ मध्ये पाच जणांनी कुरुंदाची खाण समजून एक डोंगर घेतला. निघाला तो कुरुंद नव्हताच, घासायला निरुपयोगी दगड. म्हणून ते घासकागद करू लागले. ती कंपनी म्हणजे थ्री-एम. १९२१ मध्ये त्यांनी फ्रान्सिस ओकी या फिलाडेल्फियाच्या शाईवाल्याचा पाण्यात न सुटणारा कागद बाजारात आणला. मोटारी रंगवणाऱ्यांना तो वरदान ठरला. त्या काळच्या रंगात शिसं असे, आणि कोरडं घासलं की ती धूळ अंगात जाई. पाणी लावून घासलं की धूळ उडतच नाही. आपल्या रंगाऱ्यांचा ‘वॉटर पेपर’ तो हा. या घराण्याचा वेग मात्र हाताचा होता, फार तर सावकाश फिरणाऱ्या यंत्राचा.

दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली जर्मनीत, श्टुटगार्ट आणि त्याच्या परिसरात. तिथेच १८९५ मध्ये फाइन कंपनीने हातात धरायचं विजेचं ड्रिल केलं होतं. १९२२ मध्ये हर्मन आकरमान आणि हर्मन श्मिट यांनी कंपनी काढली. सुरुवातीच्या यंत्रात मोटर एका जागी, तिच्यापासून लवचीक दांडा निघालेला, त्याच्या टोकाला चाक. त्या दांड्यावरून कंपनीचं नाव फ्लेक्स पडलं. पुढे मोटर हातात आली, आणि १९५४ मध्ये त्यांनी जलद फिरणारा अँगल ग्राइंडर आणला. आतली रचना आजही तीच. कार्बन ब्रशांची छोटी मोटर मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेते. फेरे जास्त म्हणून मोटर लहान, लहान म्हणून मुठीत मावणारी. पुढे दोन शंक्वाकृती गिअर फेरे तिपटीने कमी करतात आणि दिशा काटकोनात वळवतात. चकती मशीनच्या लांबीला आडवी न राहता तळव्यासारखी खाली येते, म्हणून सपाट पृष्ठावर फिरवता येते. चकतीचा मधला भाग दाबलेला असतो तोही याचसाठी: नट आत जातो, तोंड कामाला लागतं.

आपल्याकडे चाक आधी आलं, हातयंत्र मागून. १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, उरणजवळच्या मोरा या कोळ्यांच्या गावात दोन पारशी गृहस्थांनी ग्राइंडिंग व्हील करायला घेतली. पुढे ती नॉर्टनशी जोडली जाऊन ग्राइंडवेल नॉर्टन झाली. १९५४ मध्ये, जर्मनीत तो ग्राइंडर निघाला त्याच वर्षी, मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली. यंत्रांच्या बाबतीत मुलुंडच्या रॅलीवुल्फचं नाव एका पिढीच्या फिटरांना पाठ होतं. १९७६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स निघाली, तिची केपीटी मशिनं अजून दिसतात. कोल्हापुरात अशा मशिनाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. फाउंड्रीतून बाहेर पडलेल्या प्रत्येक कास्टिंगला फेटलिंग लागतं: चिकटलेली वाळू, जोडावरची फुगवट, रायझरची खुंटी काढायची ती ग्राइंडरनेच.

इथे एक गोष्ट उलटी झाली, आणि माझ्या मते सुरक्षिततेचे आजचे बहुतेक प्रश्न तिच्यातून निघालेत. शिकलगारापासून शेफील्डपर्यंत आणि वूस्टरच्या पेडेस्टलपर्यंत चाक एका जागी होतं, काम चाकाकडे जात होतं. चाकाला पाया होता, पुढे टेकू होता, वर लोखंडी आवरण होतं, धूळ ओढायची नळी जोडता येत होती. अँगल ग्राइंडरमध्ये चाक कामाकडे गेलं. पाया, टेकू, नळी मागे राहिली. जे काम चारशे किलोचं बीड करत होतं, ते आता मनगट करतं.

२०२५ पर्यंत लागू असलेला आपला १९४८ चा कारखाने अधिनियम जुन्या चाकाच्या चौकटीत लिहिला गेला होता. त्यातलं कलम ३० म्हणायचं की घासण्याच्या प्रत्येक यंत्राजवळ कायमची सूचना लावा: चाकाचा कमाल सुरक्षित परिघवेग, ज्या आसावर ते बसवलंय त्याचा वेग, आणि तो वेग राखायला लागणाऱ्या पुलीचा व्यास. पुली! भिंतीवर फलक, छताजवळून फिरणारा दांडा, त्यावरून आलेला पट्टा, असं कारखान्याचं चित्र लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. हातातल्या ग्राइंडरला ना भिंत, ना पुली. त्या फलकाची जागा घेतली ती चकतीवरच्या गोल कागदाने. आणि रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात, जिथे दोघं-तिघं गेट आणि ग्रिल करतात, तिथे तर तो कायदा कधी पोचलाच नाही.

कागदावरचं गणित अवघड नाही. मीटरमधला व्यास गुणिले ३.१४, गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साठ. चार इंची मशीन अकरा-बारा हजार फेऱ्यांचं. त्याला चार इंची चकती लावली तर कडेचा वेग साठच्या आसपास, लाल पट्ट्याच्या आत. कुठूनतरी मिळालेली सात इंची चकती त्याच्यावर अडकवली, तर अकरा हजार फेऱ्यांना कड सेकंदाला एकशेतीन मीटरच्या पुढे जाते. त्या चकतीवर मोठ्या अक्षरात ८,५०० लिहिलेलं असतं. पाच इंचीचं प्रकरण जास्त फसवं. तिची मर्यादा १२,२०० च्या आसपास, म्हणजे वेगाचं गणित जमतं. पण ती चार इंची मशिनाच्या गार्डमध्ये मावत नाही. मग गार्ड निघतो. एकदा निघालेला गार्ड पुन्हा बसलेला मी फारसा पाहिलेला नाही. कोपऱ्यातल्या भंगारात तो सापडतो, नवाकोरा, रंगही न गेलेला.

घासायच्या आणि फिनिशिंगच्या कामात धोका वेगळ्या रूपात येतो, कारण इथे दोन्ही घराण्यांच्या चकत्या एकाच आटीवर बसतात आणि एकमेकींची कामं करू लागतात. सर्वांत वाईट खोड कटिंग व्हीलने घासायची. एक मिलिमीटरची ती चकती कडेने कापायला केलेली; तिला आडवी धरून वेल्डचा बर काढायला गेलं की ती वाकते, आणि ज्या जाळीवर भरवसा तीच तुटते. वेल्ड उतरवायचा असेल तर सहा मिलिमीटरचं डीसी व्हील, पृष्ठाशी वीस-तीस अंशांचा कोन. मग वरचे ओरखडे मिटवायला फ्लॅप डिस्क, पाच ते पंधरा अंश, जवळजवळ सपाट. फ्लॅप डिस्क ही सोयरिकीतून झालेली खरी लेक: कापडावर कण चिकटवलेल्या पट्ट्या पाकळ्यांसारख्या एकावर एक, झिजतील तशा खालून नव्या वर येणाऱ्या. फायबर डिस्क मात्र सरळ कागदाच्या घराण्यातली. तिला मागे रबराचं पॅड लागतंच. ती दमट हवेत वाकते. कोकणात पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की चकत्या द्रोणासारख्या वळतात, आणि वळलेली चकती थरथरते.

दाब देऊ नये, हे प्रत्येक उस्ताद सांगतो आणि प्रत्येक पोरगा दाबतो. मशीनचं वजन पुरे असतं. दाबलं की मोटर गुरगुरते, फेरे उतरतात, पत्रा निळा पडतो, आणि स्टेनलेसवर पडलेला तो निळा डाग काढायला पुन्हा घासावं लागतं. स्टेनलेससाठी चकत्याही वेगळ्या ठेवायच्या. साध्या लोखंडावर फिरलेली चकती स्टेनलेसवर लोखंडाचे कण सोडते आणि चार दिवसांनी त्या रेलिंगवर गंजाचे ठिपके उठतात. गिऱ्हाईक मग माल खोटा होता म्हणून भांडायला येतं.

नवी चकती लावली की मशीन अंगापासून लांब धरून अर्धा मिनिट मोकळी चालवायची, गार्ड आपल्या बाजूला ठेवून. काउंटरवर आपटलेल्या चकतीला तडा असेल, तर तो अशा वेळी उघडा पडलेला बरा. कडीवरची तारीख असते ती मुदतीची. राळ जुनी आणि दमट झाली की कमजोर होते, म्हणून बनल्यापासून साधारण तीन वर्षं धरतात. गटारापाशी महिनोन् महिने पडलेल्या चकतीचा हिशेब कोणी ठेवत नाही. बाजूचा दांडा लावायचा, तो आडवा येतो म्हणून काढायचा नाही. चकती फटीत अडकली की मशीन उलट उसळतं, आणि त्या क्षणी एका मुठीत ते राहत नाही. सैल बाही, गळ्यातला गमछा नको. डोळ्यांना साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. फॅब्रिकेशनच्या गाळ्यात डोळ्यात कीस गेला की शेजारी रुमालाचं टोक पिळून तो काढतो, आणि तो निघतोही. मागे राहणारं गंजाचं वर्तुळ मात्र रुमालाने निघत नाही, त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडेच जावं लागतं.

धूळही परत आलीय. चाक निरुपद्रवी झालं, पण चाक जे घासतं ते बदललं. फेटलिंगमध्ये कास्टिंगला चिकटलेली वाळू सिलिकाच असते. खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस किती पसरलाय यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यास केलेत; तिथे तर घासली जाणारी वस्तूच सिलिका. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाचा ओटा बसवतात तेव्हा ग्रॅनाइटच्या कडा बाल्कनीत बसून कोरड्याच घासतात, तोंडाला फडकं बांधून. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण चौथा हिस्सा ते तिसरा. नव्या फॅशनचा कृत्रिम क्वार्ट्झ ओटा घेतला तर नव्वद टक्क्यांवर. तो कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो दगड बनवायला, पुरवायला, बसवायलाच बंदी केली. इथे तो ‘इटालियन फिनिश’ म्हणून विकला जातो. पाण्याची धार सोडून ओलं घासलं की बरीच धूळ खाली बसते, पण साध्या विजेच्या मशिनावर पाणी सोडायचं तर शॉकची भीती. त्यासाठी हवेवर चालणारं किंवा पाण्याची सोय असलेलं वेगळं मशीन लागतं, आणि ओटेवाल्याच्या दरात ते बसत नाही. घरमालक ओट्याच्या पॉलिशवरून घासाघीस करतो. धुळीचा खर्च कोणाच्याच बिलात येत नाही.

आणि एक बारकावा, जो जर्मनीत फारसा जाणवला नसावा पण महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत प्रत्येक गाळ्याला कळला. बऱ्याच ग्राइंडरचं बटण पुढे सरकवून अडकवता येतं, म्हणजे बोट सतत दाबून ठेवावं लागत नाही. काम चालू असताना लाईट जाते, कारागीर मशीन तसंच जमिनीवर ठेवून चहाला जातो. लाईट येते तेव्हा मशीन आपोआप चालू होतं आणि चकतीच्या जोरावर फरशीवरून धावत सुटतं, केबल गुंडाळत. आता काही मशिनांत वीज गेली की बटण आपसूक बाद होण्याची सोय असते; काहींत पॅडलसारखं बटण असतं, हात सुटला की बंद. दुकानात साधी आणि अशी दोन्ही मशिनं शेजारी ठेवलेली असतात, किमतीत काही शेकड्यांचा फरक. पॅडलचं मशीन घेताना गाळ्यातला पोरगा पहिला प्रश्न विचारतो, ‘हे बटण बांधून ठेवता येतं का?’ येतं, चिकटपट्टीने.